बीड वाकत नाही

पहिलं यंत्र आलं तेव्हा मी सही करून टाकली होती.
ड्रायव्हरला घाई होती, मला आनंद होता,
आणि कागदावर जागा एवढीशीच.
खोका उघडला तर रंध्याच्या यंत्राचं मेज दोन तुकड्यांत,
भेगेची कड राखाडी, दाणेदार,
मेपलच्या साखरेची ढेप फोडल्यावर दिसते तशी.

लेनर्ड पेल्की म्हणाला, डेल्फिन, पोलाद वाकतं.
बीड वाकत नाही.
ते निमूट राहतं आणि मग एकदाच तुटतं.
हेच तो माझ्या आईबद्दल म्हणाला होता,
तिला पुरून परतताना.

कंपनी म्हणाली, सही तुमचीच ना?
सही माझीच होती.

म्हणून या वेळी ताकही फुंकत होते.
ओहायोच्या हार्लन स्टुट्झमनला अकरा फोन केले.
पट्टे मेजावरून नकोत, बुडाला आवळा.
पाती काढा. मोटार वेगळी बांधा.
फळी चार बोटं रुंद, खिळे नकोत, स्क्रू मारा.
खोक्याला वर उतरतं छप्पर करा,
म्हणजे कुणी दुसरा माल वर रचणार नाही.
तो प्रत्येक वेळी बरं म्हणाला.
अकराव्या फोनला म्हणाला,
मुली, हे यंत्र माझ्या बापाने घोडागाडीतून आणलं,
खाली गवताच्या पेंढ्या अंथरून,
आणि हलू नये म्हणून
वर माझ्या आईला बसवून.

मार्च. मेनमधला चिखलाचा महिना.
दिवस वर आला की आमचा रस्ता जड ट्रक गिळतो,
म्हणून पहाटे पाचला, जमीन गोठलेली असताना,
अग्निशमन बंबाच्या शेडसमोर आम्ही उभे:
मी, लेनर्ड, आणि लेनर्डचा काटेवाला ट्रॅक्टर,
जो त्याच्यासारखाच आधी खोकतो, मग बोलतो.

ओडेलने मागचं दार वर केलं.
छप्पर शाबूत. पट्टे शाबूत.
आणि खोक्याच्या कुशीवर तो ठिपका,
कलंडलं तर लाल होणारा,
लाल.

मी नाही, ओडेल म्हणाला.
बँगोरला उचललं तेव्हाच तो तसा होता.
मला ते खरं वाटलं.
मधे कुठल्या तरी गोदामात, रात्री,
कुणाचा तरी हात चुकला असेल,
त्याने खोका सरळ केला असेल,
इकडेतिकडे पाहिलं असेल.

सही करा, उघडायची परवानगी नाही.
मी पहार काढली.
लेनर्डने कॉफी काढली, आणि फडक्यात गुंडाळलेली
कुट्टूच्या पिठाची गरम धिरडी.
ओडेलने घड्याळ पाहिलं, धिरड्यांकडे पाहिलं.
वीस मिनिटं, म्हणाला.
बाराव्या मिनिटाला टॉर्च त्याच्याच हातात होता.

मेजावर पोलादी पट्टी उभी धरायची,
मागून उजेड मारायचा:
फटीतून दिसला, तर मेज गेलं.
लांबीत नाही दिसला.
आडवा नाही.
एका तिरक्या रेषेत, डाव्या कोपऱ्याशी,
केसाएवढा.
तिघेही वाकून बराच वेळ
त्या केसाकडे बघत राहिलो.

तो आजचा की ऐंशी वर्षांचा, कोण सांगणार?

कागदाच्या पाठीवर मी लिहिलं:
ठिपका लाल. मेज अखंड. डावा कोपरा, केसभर.
मग सही.
ओडेल गेला तेव्हा चाकांखालची माती
सुटायला लागली होती.

ठिपका मी यंत्रावर चिकटवून ठेवलाय.
लेनर्ड म्हणतो, खरवडून टाक, शोभत नाही.
आई जिन्यावरून पडली होती जानेवारीत.
आम्हाला कळलं एप्रिलात, डॉक्टरकडून.
मी म्हटलं, राहू दे.

पहिली फळी रंधली ती खोक्याचीच.
वरचा मळ निघाला आणि खालून पांढरा ओक.
एवढं चांगलं लाकूड कुणी खोक्याला वापरतं?
हार्लनला बारावा फोन केला.
यंत्राचं त्याने विचारलंच नाही,
विचारलं छपराचं:
वर कुणी काही ठेवलं नाही ना?

नाही, म्हटलं.
वर कुणीच बसलं नव्हतं.